बीज वळवणचं, पाणी मावळचं

पवनेकाठी निघणाऱ्या स्मरणिकेत वळवणच्या महसीर केंद्राचा इतिहास कशाला, असं विचारणारे भेटतीलच. उर्से गाव पवनेवर, वळवणचं तळं पार घाटमाथ्यावर लोणावळ्याला, आणि केंद्र तर वीज कंपनीचं. मग आपला त्याच्याशी संबंध काय? संबंध माशाचा आहे. मावळातल्या नद्यांच्या एका माशासाठी पिढी-दोन पिढ्या सलग राबलेली दुसरी संस्था आम्हाला तरी सहज आठवत नाही. आणि संस्थेचा इतिहास लिहायचा म्हणजे नुसती हारतुऱ्यांची यादी करायची नाही, असं आधीच ठरवल्यामुळे, या केंद्राच्या हातून जे भलं झालं त्याबरोबर जे भलतंच झालं तेही इथे येईल.

सुरुवात केंद्राच्या खूप आधी होते. कर्नल विल्यम साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी 1824 पासून दख्खनची शिरगणती, पिकं, पाऊसपाणी यांच्या नोंदी करत हिंडत होता. जाता जाता तो पक्षी आणि मासेही टिपत असे. 1839 मध्ये त्याचा दख्खनच्या माशांवरचा प्रबंध लंडनला छापून आला. त्यात पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या एका मोठ्या खवल्यांच्या माशाचं वर्णन आहे. आज शास्त्रज्ञ ज्याला टॉर खुद्री म्हणतात आणि बाकीचे दख्खनी महसीर किंवा निळ्या परांचा महसीर म्हणतात, तो हाच. आपली पवना दापोडीजवळ मुळेला मिळते. म्हणजे साइक्ससमोर आलेला मासा ज्या पाण्यात वाढला, त्यात उर्शाच्या शिवारावरून गेलेलं पाणीही होतं. जगभरच्या ग्रंथांत या जातीचं मूळ ठिकाण म्हणून पुण्याची ही नदी नोंदलेली आहे. आपल्याकडे मात्र पुलावरून जाताना लोक नाक दाबतात.

दुसरी नोंद खंडाळ्याची. नेल्सन अ‍ॅनन्डेल हे भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक. मुंबई इलाख्यातल्या लहान ओढ्यांत काय काय जगतं, यावर त्यांनी 1919 साली लिहिलं. खंडाळ्याच्या ओढ्यातून त्यांना बोटभर लांबीचा, पोटाने खडकाला चिकटून राहणारा मासा मिळाला, आणि तो विज्ञानाला नवा निघाला. पावसाळ्यात कड्यावरून कोसळणाऱ्या पाण्यात हे मासे वाहून कसे जात नाहीत, हे पाहायचं असेल तर भर पावसात ओढ्यातला एखादा धोंडा हळूच उचलून खालची बाजू बघावी. मावळातल्या पोरांना यात नवल वाटणार नाही. मळ्या नावाचा मासा पकडताना तो हाताला कसा चिकटतो, हे त्यांना ठाऊक असतं. इंद्रायणीच्या माशांची शास्त्रीय यादी 2012 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा ती पन्नास जातींच्या पुढे गेली. त्यातल्या कित्येक जाती सह्याद्रीबाहेर कुठेच मिळत नाहीत. बाकी जग वाघ आणि हत्तींवर खूश असतं. आमच्या तालुक्याची श्रीमंती अशी पाण्याखाली, धोंड्याखाली आहे.

आता धरणं. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती आणि घाटमाथ्यावर पाऊस धो धो पडत होता. 1911 मध्ये टाटांच्या जलविद्युत योजनेची पायाभरणी झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवता ही तळी बांधली गेली, त्यांचं पाणी कड्यावरून खोपोलीला सोडलं गेलं, आणि 1915 मध्ये तिथलं वीजघर सुरू झालं. पुढे आंध्रा खोऱ्यात ठोकळवाडीचं धरण झालं, मग मुळशीचं. मुळशीला सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तो 1921 पासूनचा लढा सगळ्यांना माहीत आहे. माणसांची गावं पाण्याखाली गेली, त्यासाठी लोक भांडले. माशांच्या वतीने भांडणारं कोणी नव्हतं, आणि तेव्हा ते कुणाला सुचलंही नसतं. पूर्वेकडे जायचं ते पाणी पश्चिमेला वळलं. खाली नद्यांचा पावसाळी लोंढा कमी झाला, आणि वर जाणारी वाट भिंतीने अडली.

वाट अडल्याने काय होतं, ते चढणीचे मासे ज्याने पाहिलेत त्याला वेगळं सांगायला नको. मृगाचा पाऊस लागून ओढ्यांना गढूळ पाणी आलं, की मासे प्रवाहाच्या उलट निघतात. खाचरांच्या बांधावरून उड्या मारतात, पायाच्या घोट्याएवढ्या पाण्यात शिरतात. त्यांना वर जाऊन अंडी घालायची असतात. महसीर हा या प्रवाशांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत चोखंदळ. त्याला स्वच्छ, थंड, प्राणवायूने भरलेलं वाहतं पाणी लागतं, आणि खाली वाळू-गोटे लागतात. हा मासा धरणांनी मारला असं सरसकट म्हणता येत नाही, कारण तलावांत तो तगला. पावसाळ्यात तलावाला मिळणाऱ्या ओढ्यांच्या तोंडाशी तो गोळा होत राहिला. खाली मोकळ्या नदीत मात्र सुरुंगाच्या काड्या, विषारी भुकटी, उपसा आणि पुढे सांडपाणी यांनी त्याची पाठ सोडली नाही. सुरुंग आणि विष यांवर 1897 च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. ती बंदी रात्री नदीवर कोण बघायला जातो, हा प्रश्न वेगळा.

केंद्राची गोष्ट इथे सुरू होते, आणि ती एका निवृत्त सरकारी अधिकाऱ्याची गोष्ट आहे. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी हे महाराष्ट्राचे माजी मत्स्यव्यवसाय संचालक. निवृत्तीनंतर ते टाटा वीज कंपन्यांच्या कामात आले आणि वळवणच्या तळ्यातल्या महसीरांकडे त्यांचं लक्ष गेलं. रोहू-कटल्याचं बीज हौदात तयार करण्याची विद्या तोवर देशात रुळली होती. एका माशाच्या मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी काढायची, तिचा अर्क मादीला टोचायचा, आणि ठरल्या वेळी अंडी मिळवायची. महसीर मात्र अशा गोष्टींना दाद देणारा नव्हता. त्याची अंडी कशी असतात, किती दिवसांत फुटतात, पिल्लं पहिल्या आठवड्यात काय करतात, यातलं बरंचसं कुणी नीट पाहिलेलंच नव्हतं. 1971 मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात कुलकर्णींचा दख्खनी महसीराच्या विणीवरचा निबंध आला. आमच्या मते केंद्राचा खरा जन्मदाखला तो निबंध. इमारती आणि हौद नंतरचे.

हे काम हाताने कसं होतं, ते थोडं तपशिलाने सांगायला हवं. श्रावणाच्या आगेमागे, ओढे भरून वाहत असताना, तलावाच्या तोंडाशी जाळी लावतात. पिकलेली मादी मिळाली की तिला ओल्या फडक्यात धरायचं. डोकं झाकलं की ती शांत होते. मग पोटावरून अंगठा हलकेच शेपटीकडे ओढत आणायचा. पिवळसर, साबुदाण्याच्या दाण्यासारखी अंडी कोरड्या थाळीत पडतात. त्यावर नराचं शुक्र पाडून पक्ष्याच्या पिसाने ते हलक्या हाताने मिसळायचं. पीस अशासाठी की अंड्याला ओरखडा उठू नये. मग पाणी घालून धुवायचं आणि वाहत्या पाण्याच्या पेट्यांतल्या चाळण्यांवर अंडी पसरायची. रोहूची मादी लाखांनी अंडी देते आणि ती पंधरा-अठरा तासांत फुटतात. महसीराची अंडी काही हजारांत, तीही जड, तळाशी बसणारी, आणि फुटायला साधारण तीन दिवस घेणारी. त्या तीन दिवसांत पाण्याचा प्रवाह थांबला, किंवा एखादं मेलेलं अंडं बुरशी धरून तसंच राहिलं, की शेजारची अंडीही गेली. म्हणून चिमटा घेऊन पांढरी पडलेली अंडी वेचत बसायचं, रात्रीसुद्धा.

एवढं करून पिल्लं निघाली तरी जीव भांड्यात पडत नाही. कुलकर्णींनी एक मजेशीर गोष्ट नोंदवली. नुकती जन्मलेली पिल्लं पोहत नाहीत. ती उजेड टाळतात, गोट्यांच्या फटींत डोकं खुपसून, शेपट्या हलवत सुमारे सहा दिवस तशीच पडून राहतात. पोटाखालची बलकाची पिशवी संपेपर्यंत त्यांचा हाच दिनक्रम. नदीत हे शहाणपणाचं आहे, कारण फटीत शिरलेलं पिल्लू वाहून जात नाही. हौदात मात्र त्यांना अंधार आणि फटी माणसाने पुरवाव्या लागतात. एकदा का ती पोहू लागली की मग पाण्यातले सूक्ष्म जीव, पुढे शेंगदाण्याची पेंड आणि कोंडा. अंगुळीएवढी झाली की बोटुकली म्हणून ती रवाना करता येतात.

कुलकर्णींच्या बरोबरीने आणि त्यांच्यानंतर या कामाला ज्यांनी आयुष्य दिलं ते एस. एन. ओगले. दोघांनी मिळून 1978 मध्ये महसीराची देशातली अवस्था आणि कृत्रिम प्रजनन यांवर लिहिलं. पुढच्या काळात ओगल्यांनी तळ्यातल्या रानमाशांवर विसंबून न राहता हौदात वाढवलेल्या माद्यांपासून बीज घेण्याची पद्धत बसवली, आणि फलित अंडी ओल्या कापसात गुंडाळून विमानाने पाठवण्याचे प्रयोग केले. पाण्याच्या पिशव्या, प्राणवायूची नळकांडी, वजनाचं भाडं, सगळं टळलं. डब्यात कापूस, कापसात अंडी, आणि अंडी फुटायच्या आत डबा मुक्कामी. महसीराची अंडी फुटायला वेळ घेतात हा हौदातला वैताग इथे कामी आला. लोणावळ्याचं बीज महाराष्ट्राबाहेरच्या राज्यांत गेलं, तिथल्या मत्स्यखात्यांची माणसं शिकायला वळवणला आली, आणि हिमालयातल्या सोनेरी महसीराचं बीजही इथे तयार झालं. महसीराच्या दोन जातींचा संकर करून तो तळ्यात कसा वाढतो, हेही तपासून झालं. त्या काळी संकर म्हणजे प्रगती. त्यात धोका असू शकतो, असं म्हणणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं.

बीज गेलं त्या जागांपैकी एक म्हणजे कर्नाटकातली कावेरी. तिथे 1972 पासून दक्षिण भारत वन्यजीव संघटना नदीचा एक पट्टा राखत होती. गळाने मासा धरायचा, मोजायचा आणि परत सोडायचा, या शिस्तीने. रखवालदार म्हणून जवळच्या गावांतली माणसं, त्यांतली काही आधी चोरून मासे मारणारी. पट्टा राखला गेला, महसीर वाढला, जगभरचे गळवाले यायला लागले. लोणावळ्याची बोटुकली तिथे मुक्तपणे सोडली गेली. यात कुणाचाही हेतू वाईट नव्हता. कावेरीचा स्वतःचा एक महसीर होता. पाठीला वशिंड, पर नारिंगी. 1946 साली काबिनी नदीत गळाला लागलेला एक मासा 120 पौंडांचा होता, म्हणजे जवळपास 54 किलोंचा. तो नारिंगी परांचा महसीर हळूहळू कमी दिसायला लागला आणि निळ्या परांचा वाढला. मासेमारी शिबिरांच्या वह्यांत कुठल्या दिवशी कुठल्या जातीचा मासा लागला हे वर्षानुवर्षं लिहिलेलं होतं. एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वह्या उलगडल्या तेव्हा चित्र उघड झालं. 2015 मध्ये त्यांनी हा मासा नामशेष होण्याच्या वाटेवर आहे असं लिहिलं. गंमत अशी की तोवर या जगप्रसिद्ध माशाला धड शास्त्रीय नावही नव्हतं. ते 2018 मध्ये नक्की झालं, टॉर रेमादेवी, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत गेला.

आपला मावळचा मासा मात्र संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आला. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या नव्या मूल्यांकनात टॉर खुद्रीला कमी चिंतेची जात ठरवलं गेलं आणि टाटा पॉवरने ते जाहीरही केलं. आनंदाची बातमी खरीच. पण यादी एका जातीचा अख्खा मुलूख बघून बनते. ती इंद्रायणीच्या डोहाबद्दल किंवा पवनेच्या वळणाबद्दल काही सांगत नाही. वळवणची माणसं कष्टाळू आणि विद्या पक्की होती. जे चुकलं ते असं, की मासा वाचवला म्हणजे नदी वाचली असं सगळ्यांनीच धरून चाललं. एका खोऱ्यातलं बीज दुसऱ्या खोऱ्यात सोडायचं नाही, हा नियम आज प्राथमिक वाटतो. तेव्हा शास्त्रज्ञ, सरकारी खाती, निसर्गप्रेमी, सगळे बीज मागायला रांगेत उभे होते.

याच्या अगदी उलट टोकाची उदाहरणं आपल्या राज्यात आहेत आणि त्यांना संस्था म्हणायचं की नाही हे वाचकाने ठरवावं. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे. वरदायिनीचं ठाणं, त्याला लागून नदीचा खोल डोह, आणि डोहात महसीर. गावकरी ते मासे धरत नाहीत, दुसऱ्यालाही धरू देत नाहीत. वाड्याजवळ वैतरणेवर तिळसेश्वराच्या पायथ्याला तसंच. देहूच्या डोहातले मासे तर वारकऱ्यांच्या हातचं खाऊन मोठे होतात. तिथे ना हौद आहे, ना अर्क टोचायची सुई. देवाचा मासा एवढंच पुरतं. पण ही राखणही सगळीकडे पुरी पडत नाही, हे देहूनेच दाखवलं. गळ टाकणाऱ्याला देवाचं भय असतं, वरून येणाऱ्या मैल्याला नसतं. इंद्रायणीत मासे तडफडून मेल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत, आणि त्यात डोहातले देवाचे मासेही असतात.

आता पवनेकडे येऊ. पवना धरण 1972 चं, पवनानगरला. पिंपरी-चिंचवडला पाणी लागतं ते धरणातून नदीत सोडतात. ते बेबडओहोळ, उर्से, परंदवडी अशा गावांवरून वाहत रावेतच्या बंधाऱ्याला पोचतं आणि तिथे उचललं जातं. हे पाणी धरणापासूनच बंद नळातून न्यायचं ठरलं तेव्हा मावळात काय झालं ते इथल्या कुणालाही नव्याने सांगायला नको. 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलकांवर पोलिसांचा गोळीबार झाला आणि तीन शेतकऱ्यांचे प्राण गेले. आंदोलन शेतीच्या पाण्याचं होतं. नदीकाठच्या मोटारी कोरड्या पडतील, ही भीती होती, आणि ती रास्त होती. मासा, जैवविविधता असले शब्द त्या दिवसांत कुणी उच्चारले नाहीत. तरी परिणाम असा झाला, की बंद नळाची योजना अडली आणि धरण ते रावेत या पट्ट्यात पवना उन्हाळ्यातही वाहती राहिली. पुण्याच्या भोवतालच्या नद्या वैशाखात डबक्यांवर येतात, आणि इथे भर एप्रिलमध्ये प्रवाह असतो. वाहत्या पाण्यात जगणाऱ्या माशांना याहून मोठी मदत कुठल्याही केंद्राने केलेली नाही. ती शेतकऱ्यांनी केली, स्वतःच्या पिकांसाठी, आणि तिची किंमत फार जबर होती.

म्हणून पवनेत महसीराचं बीज सोडावं अशी सूचना अधूनमधून गावांत निघते, तेव्हा आम्ही थोडे आढेवेढे घेतो. वळवणहून बीज आणणं अवघड नाही. केंद्र आजही चालू आहे, शाळांच्या सहली तिथे जातात, हौदाच्या काठाशी पेंड टाकली की मोठे महसीर पाठी दाखवत वर येतात आणि पोरं ओरडतात. मासा खोऱ्याबाहेरचाही नाही. वळवण आणि पवना, दोन्हींचं खोरं मुळात भीमेचंच. तरी सोडण्याआधी या पट्ट्यात आज काय आहे ते कुणीतरी मोजायला हवं: मळ्या किती, वाम आहे का, मरळ कुठल्या डोहात, चिलापी किती माजली आहे, आणि जुना रानटी महसीर कुठे तग धरून आहे का. तो असेल तर त्यात हौदातलं बीज मिसळायचं की नाही, हा निर्णय शास्त्रज्ञाला विचारून घ्यायचा. कावेरीचं हेच मोजायचं राहिलं होतं.

मोजायला महागडी उपकरणं लागत नाहीत. कावेरीचा घोळ ज्या वह्यांनी उघड केला, त्या शिबिरावरच्या साध्या नोंदी होत्या: तारीख, जागा, जात, वजन. आपल्याकडे ठाकर, कातकरी आणि भोई कुटुंबांना नदीतला प्रत्येक डोह नावाने माहीत आहे. कुठल्या नक्षत्रात कुठला मासा चढतो हे ते झोपेत सांगतील. त्यांना जाणकार म्हणून बोलवावं, त्यांच्या वेळेचे पैसे द्यावेत, आणि ते सांगतील ते शाळेतल्या नववी-दहावीच्या मुलांनी लिहून घ्यावं. काम पहिल्या पावसात सुरू करायचं, कारण चढणीचे मासे जूनच्या शेवटी दिसतात आणि आठवड्याभरात संपतात. पानं कोरी असलेली एक जाड बांधीव वही ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवण्याचं ठरलं आहे. पहिल्या पानावर धरणापासून रावेतपर्यंतच्या डोहांची नावं, वरून खाली, ज्याला जशी आठवतील तशी लिहायची आहेत.